‘चार नगरांतले माझे विश्व’: नारळीकरांमधला कथाकार शोधणाऱ्यांसाठी

जयंत नारळीकरांचे हे आत्मचरित्र (मौज प्रकाशन गृह, २०१२) हातात घेणाऱ्या पुष्कळांच्या मनात ‘यक्षांची देणगी’ या विज्ञानकथासंग्रहाचा लेखक असतो. तो इथे भेटतो, पण उशिरा आणि थोडाच. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे या क्रमाने पुस्तक चालते आणि कथालेखन सुरू होते ते मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७२ साली रुजू झाल्यानंतर. एवढ्या जाडजूड पुस्तकात विज्ञानकथांच्या वाट्याला आलेली जागा कमी आहे, ही माझी मुख्य तक्रार. तरीही पुस्तक घ्यावेच. कथांची मुळे त्यात जागोजागी आहेत, फक्त लेखक त्यांच्याकडे बोट दाखवत नाही. ती जोडणी वाचकाने करायची.

बनारसचा भाग सर्वांत सरस. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. घरातल्या भिंतीवर फळा. एम.एस्सी.साठी राहायला आलेले मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्यावर भाच्यासाठी आव्हान म्हणून गणित लिहून ठेवत आणि उत्तर सुटेपर्यंत ते पुसले जात नसे. नारळीकरांच्या कथेची बांधणी याच फळ्यावरची आहे: आधी अशक्य वाटणारी परिस्थिती मांडायची, मग नियम न मोडता ती सोडवायची.

केंब्रिजच्या भागात नवखा वाचक अडतो, कारण तिथल्या परीक्षा आणि पारितोषिकांची नावे ओळखीची नसतात. एवढे लक्षात ठेवले तरी पुरे: ट्रायपॉस ही गणिताची पदवी परीक्षा, तिच्यात पहिला येणारा तो सीनियर रँग्लर, आणि तो मान नारळीकरांना १९५९ मध्ये मिळाला. त्यानंतरचे महत्त्वाचे नाव ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल. १९६३ची पीएच.डी. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली झाली आणि १९६४ मध्ये दोघांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत जगभर गाजला. हॉइल स्वतः विज्ञान कादंबरीकार होते. त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ आली १९५७ मध्ये, नारळीकर केंब्रिजला पोहोचले त्याच वर्षी. नामवंत शास्त्रज्ञाने कादंबरी लिहिण्यात कमीपणा नाही, याचा धडा समोरच होता. प्रस्थापित मताविरुद्ध एकटे उभे राहण्याची हॉइल यांची सवयही शिष्यात उतरली. ती नारळीकरांच्या कथांमधल्या शास्त्रज्ञांतही दिसते.

मुंबईच्या पर्वात आल्यावर थोडे थांबावे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंनी कथा स्वतःच्या हस्ताक्षरात उतरवली. पहिले बक्षीस मिळाले. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातला हा कळीचा क्षण आहे. त्यावर लेखकाने आणखी वीस पाने लिहिली असती तर बरे झाले असते: कोणती कल्पना टाकली, शेवट कसा बदलला, संपादकाने काय सुचवले. कथा घडते कशी, हे शिकू पाहणाऱ्याला इथे फारसे मिळत नाही.

म्हणून पुस्तक इथेच बाजूला ठेवून तीन कथा वाचाव्यात आणि मग पुढे जावे. पहिली ‘उजव्या सोंडेचा गणपती’. ती नीट कळायला तीन सेंटिमीटर रुंद, तीस सेंटिमीटर लांब अशी ट्रेसिंग पेपरची पट्टी घ्या, एक टोक अर्धा पीळ देऊन दुसऱ्याला चिकटवा आणि डाव्या हाताची लहान आकृती पट्टीवरून पुढे सरकवत पुन्हा पुन्हा गिरवत न्या. एक फेरा पूर्ण होऊन मूळ जागी आल्यावर ती आकृती उजव्या हाताची झालेली दिसते. साधा जाड कागद घेतला तर प्रयोग फसतो, कारण आकृती मागच्या बाजूला गेल्यासारखी वाटते आणि उलटापालट ध्यानात येत नाही. हीच करामत एक मिती वाढवून कथेत आली आहे. दुसरी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. १७६१ मध्ये विश्वासरावांना गोळी चाटून गेली असती तर काय, हा तिचा प्रश्न. तिची ‘द अॅडव्हेंचर’ ही इंग्रजी आवृत्ती एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात होती. तिसरी ‘धूमकेतू’, जिच्यात शास्त्रज्ञ गुपचूप संकट टाळतात आणि श्रेय यज्ञाला मिळते. तिच्यामागची तळमळ खरी आहे. पुढे २००८ मध्ये नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतरांबरोबर फलज्योतिषाची चाचणी घेतली. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस कुंडल्या दिल्या, कोणती हुशार मुलाची आणि कोणती मतिमंद मुलाची ते ओळखायचे होते, २७ जणांनी उत्तरे पाठवली आणि बरोबर निघालेल्या उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के होते. नाणे उडवूनही साधारण तेवढेच जमते.

पुण्याचा भाग आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या उभारणीचा. शास्त्रज्ञ यशपाल यांचा पाठिंबा, वास्तुविशारद चार्ल्स कोरिआंची वास्तू, १९८८ची स्थापना. जागा, निधी, माणसांची निवड यांचा तपशील संस्था चालवणाऱ्यांना मोलाचा वाटेल. केवळ कथांसाठी आलेल्याने तो भरभर वाचला तरी चालेल.

भाषा स्वच्छ आणि संयत आहे. आनंद, राग, दुःख बहुतेक वेळा एका वाक्यात आटोपते. काहींना ते कोरडे वाटेल. मला तो लेखकाचा प्रामाणिकपणा वाटतो. पुस्तक २०१२ला थांबते, त्यामुळे २०२१च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद यात नाही आणि मंगलाताईंच्या निधनानंतरची वर्षेही नाहीत. मराठी वाचायला अवघड जाणाऱ्या परदेशातल्या मुलानातवंडांना द्यायचे असेल तर ‘माय टेल ऑफ फोर सिटीज’ ही नॅशनल बुक ट्रस्टची इंग्रजी आवृत्ती आहे. स्वतःसाठी मात्र मराठी पुस्तकासोबत ‘यक्षांची देणगी’ही घ्यावी.