रतीब आणि रियाज : ‘गिल्ड वॉर्स २’चा एंडगेम

‘गिल्ड वॉर्स २’ हा अनेकांनी एकत्र खेळायचा ऑनलाइन खेळ मी गेले वर्षभर जवळजवळ रोज खेळत आहे. त्याचे परीक्षण लिहिताना आधी अडीच वर्षे खेळलेल्या दुसऱ्या एका ऑनलाइन खेळाविषयी बोलणे भाग आहे, कारण इथे जे आवडले त्याची किंमत मला तिथल्या अनुभवामुळेच कळली. त्या खेळाचे नाव लिहीत नाही. ज्यांनी हा प्रकार खेळला आहे त्यांना आपापल्या खेळाची आठवण होईलच.

तिथे आम्ही पाच जण होतो. मी, माझा मावसभाऊ आणि कॉलेजपासूनचे तीन मित्र, सगळे नागपूरचेच. ऑफिसातून मनीषनगरला परतून जेवण आटोपले की रात्री साडेनऊच्या सुमारास आम्ही जमत असू. पहिले आठ महिने कथा, नवे प्रदेश आणि कधी न पाहिलेले राक्षस यांत कसे गेले ते समजलेच नाही. मग कमाल लेव्हल गाठली आणि खेळाने आपला खरा दिनक्रम समोर ठेवला : रोज ठरलेली दोन डंजने (छोट्या गटाने उतरायची राक्षसांची भुयारे), आठवड्याला एक रेड (मोठ्या गटाने लढायची अवघड मोहीम), एका विशिष्ट नाण्याची साप्ताहिक मर्यादा आणि ती नाणी साठवून घ्यायचे चिलखत. तोच बोगदा, तोच बॉस (म्हणजे बलाढ्य प्रमुख राक्षस), त्याच वळणावर येणारा त्याचा तोच हल्ला. दोन महिन्यांत आम्ही ते डंजन एक शब्दही न बोलता संपवू लागलो. माइक सगळ्यांचे चालू असत, पण मे महिन्याच्या त्या रात्रींत त्यांतून फक्त पाच घरांतल्या कूलरची घरघर ऐकू येई. एका शुक्रवारी मावसभाऊ म्हणाला, “दादा, हे तर ऑफिससारखंच होऊन राहिलं.” पुढच्या आठवड्यात तो आला नाही. तिमाही उलटेपर्यंत मी एकटाच उरलो होतो.

मी थांबलो होतो तो एका तलवारीसाठी. ती रेडच्या शेवटच्या बॉसकडून आठवड्यातून एकदाच आणि सुमारे ५ टक्के शक्यतेने मिळत असे. ५ टक्के म्हणजे वीस आठवड्यांत मिळेलच, असा अनेकांचा समज असतो आणि माझाही होता. हिशेब मात्र वेगळा आहे. प्रत्येक वेळी न मिळण्याची शक्यता ९५ टक्के राहते, म्हणून वीस प्रयत्नांनंतरही शंभरातले जवळजवळ ३६ जण रिकाम्या हाताने बसलेले असतात आणि पंचेचाळीस आठवड्यांनंतरही दहा जण शिल्लक राहतात. मला ती तेविसाव्या आठवड्यात मिळाली. दोनच महिन्यांत नवे एक्सपान्शन, म्हणजे खेळाचा विकत घ्यायचा पुढचा भाग, आले आणि त्यातल्या पहिल्याच गावात, रानडुकरे हाकलण्याच्या बदल्यात, तिच्याहून सरस तलवार कोणालाही मिळू लागली. त्या रात्री मी खेळ काढून टाकला.

हे का घडते ते समजून घेतल्यावर माझा राग थोडा निवळला. हाताने घडवलेल्या एका चांगल्या डंजनासाठी चित्रकार, प्रोग्रॅमर आणि चाचणी करणारे यांचे कित्येक महिने खर्ची पडतात, तर खेळाडू ते पहिल्याच संध्याकाळी संपवतो. ही दरी भरून काढायला निर्मात्यांजवळ मुख्यतः दोनच हत्यारे असतात. पहिले म्हणजे वेळेचे कुलूप : ‘फायनल फँटसी १४’मध्ये सर्वांत वरच्या प्रतीच्या टोमस्टोन या खेळातल्या चलनाला आठवड्याला ४५० ची मर्यादा असते, आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये २०२० पासून असलेली ‘ग्रेट व्हॉल्ट’ आठवडाभराच्या कामगिरीवरून पुढच्या आठवड्यात एकच वस्तू निवडू देते. दुसरे हत्यार नशिबाचे. बक्षीस नेमके कोणत्या प्रयत्नाला मिळेल हे ठाऊक नसले की प्राणी तीच कृती सर्वाधिक चिकाटीने करत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरील प्रयोगांतून विसाव्या शतकाच्या मध्यातच दाखवले होते. दोन्ही उपाय खेळाचे आयुष्य वाढवतात खरे, परंतु खेळणाऱ्याला त्यातून नवे काही शिकायला मिळत नाही, आणि माझी मूळ तक्रार हीच आहे.

पुनरावृत्तीबद्दल मला आकस नाही. माझी आई गाणे शिकवते. रोज पहाटे साडेपाचला ती तानपुरा लावते, आणि लहानपणापासून मी तोच भैरव, तेच पलटे ऐकत आलो आहे. तरी कालचा भैरव आणि आजचा भैरव यांत तिला फरक ऐकू येतो, आणि कधी कधी मलाही. तो रियाज आहे. दूधवाला त्याच पहाटे दारात पिशवी ठेवून जातो, तो रतीब. दोन्ही रोजचेच, पण रतीब घालून दूधवाल्याचे दूध काही अधिक दाट होत नाही. मी अडीच वर्षे रतीब घालत होतो.

‘गिल्ड वॉर्स २’कडे मी याच मोजपट्टीने पाहतो. अरीनानेट या कंपनीने हा खेळ ऑगस्ट २०१२ मध्ये आणला. कमाल लेव्हल तेव्हा ८० होती, आणि त्यानंतर इतकी एक्सपान्शने येऊनही ती ८० च राहिली आहे. मासिक वर्गणी नाही. मूळ खेळ २०१५ पासून काही बंधनांसह मोफत आहे आणि एक्सपान्शन एकदाच विकत घ्यावे लागते. ‘असेंडेड’ ही आयुधांची नवी, वरची पायरी खेळ सुरू झाल्यावर अवघ्या तीन महिन्यांत आली, तेव्हा जुन्या खेळाडूंनी मोठा गदारोळ केला होता, कारण वस्तूंच्या अखंड चढाओढीपासून सुटका मिळेल या आशेनेच ते इथे आले होते. त्यांच्या त्या रागाचे मला आज मोल वाटते. त्यानंतर आकड्यांची पायरी पुन्हा वाढलेली नाही. ‘लेजंडरी’ वस्तूंचे आकडे असेंडेडइतकेच असतात, फक्त त्यांचे गुणधर्म हवे तेव्हा बदलता येतात. म्हणजे २०१३ मध्ये कोणी घडवलेली असेंडेड तलवार आजही कोणत्याही नव्या तलवारीच्या बरोबरीने उभी राहते. माझी तेवीस आठवड्यांची तलवार आठवली की हे वाक्य मला पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते.

एंडगेमचा, म्हणजे कमाल लेव्हल गाठल्यानंतरच्या खेळाचा गाभा, निदान माझ्यापुरता, ‘फ्रॅक्टल’ हा आहे. पाच जणांची छोटी डंजने, अडचणीच्या शंभर पातळ्या आणि पंचवीस-पंचवीसच्या चार श्रेणी. इथेही रोज त्याच जागी जावे लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण चौथ्या श्रेणीत प्रत्येक फ्रॅक्टलवर तीन ‘इन्स्टॅबिलिटी’, म्हणजे जास्तीच्या अडचणी, लागू असतात आणि त्या रोज बदलतात. एके दिवशी थोड्या थोड्या वेळाने कोणावर तरी बॉम्ब चिकटतो आणि त्याला साथीदारांपासून दूर पळावे लागते. दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या जवळ उभे राहणेच महागात पडते. ओळखीच्या खोलीत उभे राहण्याची जागा, हालचालीचा क्रम, हीलरने (साथीदारांना बरे करणाऱ्याने) कोणाकडे लक्ष ठेवायचे, सगळे नव्याने ठरवावे लागते. ‘सुनक्वा पीक’ या फ्रॅक्टलच्या चॅलेंज मोडमध्ये, म्हणजे अधिक अवघड प्रकारात, वारा, आग आणि पाणी अशी रूपे पालटणारी ‘आय’ नावाची बॉस संपली असे वाटते तोच तिचे काळोखाचे रूप समोर येते. पहिल्या तीन आठवड्यांत आमचा तिथे किती वेळा वाइप झाला, म्हणजे सगळा गट मेला, ते मी मोजले नाही. चौथ्या आठवड्यात ती पडली तेव्हा आमच्याकडे नवी वस्तू एकही नव्हती. आयुधे तीच होती, आम्ही सुधारलो होतो.

नागपुरात बसून खेळणाऱ्यासाठी वेळापत्रकाचा भागही महत्त्वाचा आहे. भारतात सर्व्हर नाही. युरोपचा निवडल्यावर माझ्याकडे पिंग (सर्व्हरचे उत्तर यायला लागणारा वेळ) दीडशे ते दोनशे मिलिसेकंदांच्या दरम्यान राहतो, जो फ्रॅक्टलला चालतो, पण खेळाडूविरुद्ध खेळाडू या प्रकारात चुकवाचुकवी करताना जाणवतो. आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ होतात तेव्हा युरोपात संध्याकाळ सुरू झालेली असते, त्यामुळे नकाशे माणसांनी भरलेले मिळतात. दैनंदिन कामे आपल्या पहाटे साडेपाचला नव्याने सुरू होतात, म्हणजे रात्रीचे खेळणे मध्येच तुटत नाही. साप्ताहिक कामे सोमवारी दुपारी एकला. रात्रीच्या जेवणाची वेळ गाठून कुलूप उघडणारे खेळ मी पाहिले आहेत, त्यामुळे ही सोय मला क्षुल्लक वाटत नाही.

रतीब इथूनही पूर्ण गेलेला नाही. पहिल्या पिढीचे लेजंडरी शस्त्र घडवायचे तर ७७ मिस्टिक क्लोव्हर लागतात, एक्टोप्लाझमचे २५० गोळे लागतात, आणि शिवाय आठ प्रकारची उच्च प्रतीची सामग्री प्रत्येकी २५० नग गोळा करावी लागते. यातले पुष्कळसे काम म्हणजे निव्वळ खाली मान घालून वेचणे आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ‘विझार्ड्स व्हॉल्ट’मधली रोजची कामे सोपी आहेत, पण कामांची यादी समोर दिसली की मन तिच्यात अडकते, आणि ‘आज एवढे उरकून टाकू’ हा जुना सूर मला माझ्याच बोलण्यात पुन्हा ऐकू आला आहे. रेडही संख्येने कमी आहेत : २०१५ पासून २०२४ पर्यंत आठ विंग (रेडचे भाग). दर काही महिन्यांनी मोठा नवा रेड हवा असणाऱ्याची इथे निराशा होईल. नव्या माणसाला लेव्हल ८० नंतर काय करायचे हे खेळ नीट सांगतही नाही. जाणत्या गिल्डने (खेळाडूंच्या संघाने) हात धरला नाही तर तो मोकळ्या मैदानात उभा राहतो. मला हा दोष लेजंडरीच्या कष्टांहून मोठा वाटतो, कारण कंटाळून आलेला माणूस इथवर पोहोचून केवळ वाट न सापडल्यामुळे परत जाऊ शकतो.

तरीही त्या जुन्या खेळात दमलेल्या कोणालाही मी आधी मोफत भाग खेळायला सांगेन, तो आवडल्यास एकच एक्सपान्शन घ्यायला सांगेन आणि पहिले दोन महिने लेजंडरीचा विचारही करू देणार नाही. महिनाभर सोडून परत आले तरी चालते. आयुधे होती तिथेच आणि तेवढीच चांगली असतात. मावसभावाला मी नेमके हेच सांगितले होते. दिवाळीत तो घरी आला, माझ्या शेजारी बसून एक फ्रॅक्टल पाहिला आणि दुसऱ्या दिवशी त्याने खेळ उतरवून घेतला. आता रात्री साडेनऊला स्पार्कफ्लाय फेनच्या दलदलीत टेक्वाटल हा ड्रॅगन येतो, तेव्हा आम्ही दोघे तोफांपाशी उभे असतो. त्याचे बक्षीस दिवसातून एकदाच मिळते आणि बहुतेक वेळा किरकोळच असते. परवा ते घ्यायचे आम्ही दोघेही विसरलो, कारण मावसभाऊ पुढच्या फ्रॅक्टलमध्ये कोणी कुठे उभे राहायचे यावर माझ्याशी वाद घालत होता.