कोकणात घर बांधताय? ते उतरवायचं कसं, हेही आजच ठरवा

गावी जुन्या घराच्या जागी नवं बांधायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, स्लॅब की कौलं? खर्च, गळती, वरचा मजला, सगळ्यावर घरात चर्चा होते. पुढे कधीतरी हे घर उतरवताना हाती काय लागेल, हे मात्र कुणी विचारत नाही. माझं कळकळीचं सांगणं आहे की हा प्रश्न नकाशा काढतानाच विचारा.

आमचं जुनं घर उतरवलं तेव्हा दोघं छपरावर चढले, बाकीचे खाली ओळीनं उभे राहिलो आणि कौलं हातोहात अंगणात आली. मंगळुरी कौल रिपेवर, म्हणजे छपराच्या आडव्या पट्टीवर, नुसतं अडकलेलं असतं. खिळा नाही, सिमेंट नाही. फुटली ती मोजकीच. खाचेत बसवलेलं लाकडाचं टोक, म्हणजे कूस, सोडवली की तुळया अखंड निघाल्या. जांभ्या दगडाचे चिरे मातीत बसवलेले होते. कोयत्याच्या पाठीनं दोनदा ठोकलं की माती झडायची आणि चिरा सबंध हातात यायचा. त्याच चिऱ्यांचा आज आमचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, उभा आहे.

न्हाणीघराची भिंत मात्र नंतर सिमेंटात बांधलेली. तिथं सांधा काही सुटेना, चिराच फुटायचा. जांभा मऊ, सिमेंटचा सांधा त्याच्याहून कडक. दगड तोच असून एक भिंत परत वापरता आली आणि दुसरीचा डबर झाला.

आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या, घराचं सगळंच असं एकजीव असतं. स्लॅब ब्रेकरनं फोडायचा, सळ्या वाकून भंगारात जातात, काँक्रीट भरावाला. त्यात समुद्राजवळ खाऱ्या हवेनं सळई गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे पडतात. तरी स्लॅबची बाजू खरी आहे. वर मजला चढवता येतो, दरवर्षी पावसाआधी शाकारणी, म्हणजे कौलं काढून नीट लावणं, करावी लागत नाही. घर वर्षातले दहा महिने बंद राहणार असेल तर हा मुद्दा फार मोठा आहे.

आणि वादळ. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागात कितीतरी घरांची कौलं-पत्रे उडवले. जे सहज निघतं ते सहज उडतंही, हे कौलारू घर बांधणाऱ्यानं धरूनच चालावं. पागोळीकडच्या आणि आढ्याच्या ओळी तारेनं रिपेला बांधा, कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, भिंतीवरच्या काँक्रीटच्या पट्ट्याला बोल्टनं जखडा. तार उद्या कापता येते. १९६७ चा कोयनेचा भूकंपही विसरून चालणार नाही, म्हणून जोत्याला, दारं-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली काँक्रीटचे पट्टे हवेतच. ते परत मिळणार नाहीत. तेवढं सोडून द्यावं.

लाकूड परवडत नाही म्हणून बहुतेक जण लोखंडी कैच्या करतात. फॅब्रिकेटर सवयीनं वेल्डिंगच सुचवतो. तुम्ही नट-बोल्टचा आग्रह धरा. मुंबईत काळा घोड्याला जुनं वॉटसन हॉटेल आहे. त्याचा लोखंडी सांगाडा १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये सुटा तयार होऊन बोटीनं आला आणि इथं जोडला गेला. सुट्या भागांचं बांधकाम म्हणजे तात्पुरतं, असं समजायचं कारण नाही.

मातीचा सांधा कोकणच्या पावसात रुंद पागोळीशिवाय टिकत नाही, म्हणून मी चुना निवडेन. चुन्यात काम करणारा गवंडी आधी शोधून ठेवा. नाहीच मिळाला तर सिमेंट, चुना, रेती १:१:६ घ्या. निव्वळ सिमेंटापेक्षा हा मसाला सौम्य.

एकमजली घर असेल आणि गावात लक्ष ठेवणारं कुणी असेल, तर चिरा, चुना, बोल्टच्या कैच्या आणि कौलं. दोन मजले हवे असतील किंवा घर बंदच राहणार असेल, तर स्लॅब घाला. पण मधल्या भिंती चुन्यात बांधा, चौकटी स्क्रूनं बसवा आणि वायरिंग-पाइप भिंतीत चिणू नका, वरूनच न्या. हे सगळं कंत्राटदाराकडून चौथरा भरण्याआधी लिहून घ्या, कारण एकदा मसाला कालवला की तो आपल्या सवयीनंच बांधत जातो.