बोलेरो कॅम्परला एअर बॅग: एक पावसाळा आणि एक लग्नसराई ट्रेलर ओढल्यानंतर

ज्यांच्या पिकअपमागे जड ट्रेलर आहे आणि जे मागचे पाटे (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) वाढवायच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय. मत आधीच सांगतो. एअर बॅगचे, म्हणजे मागच्या पाट्यांना आधार देणाऱ्या हवेच्या फुग्यांचे (अपघातात उघडणाऱ्या नव्हेत), पैसे वसूल झाले, पण हे काम शेवटी करायचं. त्याआधी ट्रेलरमधलं वजन जागेवर आणा, नाहीतर हवा भरून गाडी फक्त सरळ दिसेल, चालेल तशीच.

आमचं केटरिंगचं काम आहे. कोल्हापुरातली ऑर्डर असली की भांडी हौद्यातच मावतात. लग्न कणकवली-सावंतवाडीकडं असलं की भट्ट्या, पातेली, पाण्याची टाकी, 19 किलोचे सिलिंडर असं सगळं ट्रेलरमध्ये चढतं. भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर 1,400 किलो भरला. हुक लावला की गाडी मागं बसायची, रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडायचे. राधानगरीच्या पुढं दाजीपूरच्या रस्त्यावर एक खड्डा चुकला नाही की पुढचं पन्नास-शंभर मीटर गाडी होडीसारखी डोलत राहायची. स्टिअरिंग हलकं लागायचं, आणि फोंडा घाटाच्या वळणावर हलकं स्टिअरिंग म्हणजे पोटात गोळा येतो.

सगळ्यांचा सल्ला एकच: कोल्हापूरच्या उद्यमनगरात, गॅरेज-वर्कशॉपच्या भागात, जा आणि दोन पाटे वाढवून घे. ते करण्याआधी मी हुकावर किती वजन येतंय ते मोजलं. धान्याच्या दुकानात असतो तो 300 किलोचा प्लॅटफॉर्म काटा आणला, सपाट जागेवर ट्रेलर उभा केला, चाकांना दगड लावले आणि ट्रेलरचं तोंड हुकाच्याच उंचीवर राहील असा ठोकळा ठेवून काट्यावर टेकवलं. आकडा आला 240 किलो, म्हणजे ट्रेलरच्या वजनाच्या 17 टक्के. साधारण 10 ते 15 टक्के असावं असा ठोकताळा आहे. त्याहून फार कमी झालं तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडं हेलकावे घ्यायला लागतो, आणि ते तर जास्तच धोक्याचं.

आता या 240 किलोचं काय होतं बघा. आमच्या गाडीत हुक मागच्या ॲक्सलच्या 1.2 मीटर मागं आहे आणि पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे 3 मीटर अंतर. तरफेच्या हिशोबानं पुढच्या चाकांवरून 96 किलो उचलले जातात आणि मागच्या ॲक्सलवर 336 पडतात. स्टिअरिंग हलकं का लागत होतं ते इथं कळतं. बांधणाऱ्यानं पाण्याची टाकी आणि सिलिंडरची जागा ट्रेलरच्या अगदी तोंडाशी काढली होती. टाकी ट्रेलरच्या ॲक्सलच्या वर आणली, सिलिंडर तिच्या मागं घेतले, हुकावर 160 किलो राहिले. म्हणजे पुढून 64 उचलले, मागं 224 पडले. एक रुपयाचा पार्ट न घालता निम्मा त्रास गेला.

त्यानंतर शॉकॲब्सॉर्बर बदलले, जुने गळतच होते. डोलणं थांबलं ते मुख्यतः त्यामुळं. स्प्रिंग वजन पेलते, पण तिची उसळी आवरायचं काम शॉकअपचं असतं, हे लोक विसरतात.

मग एअर बॅग. पाट्यांच्या वर, चॅसिस आणि ॲक्सलच्या मध्ये दोन्ही बाजूंना एकेक रबरी फुगा बसतो. बोल्टवर बसणारं किटच घेतलं. चॅसिसला वेल्डिंग करायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. खर्च पाटे वाढवण्याच्या चार-पाच पट येतो, हे खरं आहे. पण माझ्या मावसभावाच्या पिकअपला वाढवलेले पाटे आहेत, त्यामुळं दोन्ही शेजारी ठेवून बघता आलं. त्याची गाडी भरलेली असताना झकास चालते. रिकामी परत येताना मात्र प्रत्येक स्पीडब्रेकर कंबरेला कळतो. माझ्याकडं रिकाम्या गाडीला हवा 10 पीएसआय ठेवतो, ट्रेलर लावला की 35. रिकामी गाडी आधीसारखीच मऊ चालते. बॅग पूर्ण रिकामी कधीच ठेवायची नाही, रबराला घड्या पडून ती फाटते.

दोन्ही बॅगांच्या नळ्या वेगळ्या घ्या. एकाच नळीवर जोडल्या तर वळणावर बाहेरच्या बॅगेतली हवा आतल्या बॅगेत ढकलली जाते आणि गाडी जास्तच कलते. घाटात हे अजिबात नको.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला फिटरनं सांगितली नव्हती, अधिकृत वर्कशॉपमधल्या एका जुन्या मिस्त्रीनं गाडीखाली नेऊन दाखवली. मागच्या ॲक्सलपासून एक बारीक दांडा वर चॅसिसवरच्या व्हॉल्व्हला जातो. माल भरून गाडी बसली की दांडा हलतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. यालाच एलएसपीव्ही म्हणतात. एअर बॅगनं गाडी पूर्ण वर उचलली की या व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीच आहे, आणि घाट उतरताना मागचे ब्रेक कमी धरतात. म्हणून मी टेप लावून चाकाच्या कमानीची उंची मोजतो आणि मागची बाजू रिकाम्या गाडीपेक्षा दीड-दोन इंच खाली राहील इतकीच हवा भरतो. व्हॉल्व्हची सेटिंगही वर्कशॉपमध्येच तपासून घेतली. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत, ते असायलाच हवेत.

तक्रारी तीन. पावसाळ्यात उजव्या बाजूच्या जोडातून हवा हळूहळू जायची. साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडे दिसले, नळीचं टोक सरळ कापून पुन्हा बसवलं, तेव्हापासून ठीक. दुसरी गोष्ट सायलेन्सरची. पाइप एका बॅगेच्या फार जवळून जातो, मध्ये पत्र्याचा आडोसा लावावा लागला. चिखल वाळला की बॅगेच्या घडीत खडे अडकतात, ते पाण्याच्या फवाऱ्यानं काढावे लागतात.

आणि एक, ज्यावर बरेच जण वाद घालतात: पाटे वाढवा की बॅग बसवा, आरसीवरचं एकूण वजन तेच राहतं. ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक यातलं काहीच वाढलेलं नसतं. हुकावरचं वजन हौद्यातल्या मालातच धरायचं. ट्रेलर लावून फक्त मागची चाकं काट्यावर घेतली की मागच्या ॲक्सलचा खरा आकडा मिळतो. टायरवर छापलेल्या लोड इंडेक्सशी (एक टायर किती वजन पेलतो ते सांगणारा सांकेतिक आकडा) तो ताडून बघा.

ज्यांची गाडी रोजच भरलेली असते, गुळाचे रवे म्हणा, सिमेंट म्हणा, त्यांनी पाटेच वाढवावेत. स्वस्त पडतात आणि कुठल्याही गावात दुरुस्त होतात. आमच्यासारखं आठवड्यातून कधीतरी ट्रेलर आणि बाकी दिवस रिकामी धावपळ असेल, तर एअर बॅग घ्या. घेताना फिटरला आधी एलएसपीव्हीबद्दल विचारा. त्याला ते ठाऊक नसेल तर दुसरा फिटर बघा.