पोलिसानेच पैसे मागितले तर: 'लाचलुचपत' की तक्रार प्राधिकरण?

अपघातातली गाडी सोडवायची असो की गुन्ह्यातून नाव वगळायचं असो, ठाण्यात 'साहेबांचं काय ते बघून घ्या' असं कानावर आलं की साधा माणूस गांगरतो. महाराष्ट्रात अशा वेळी दाद मागायला दोन ठिकाणं आहेत. कुठे जायचं ते पैसे अजून द्यायचे आहेत की सगळं घडून गेलंय, यावर ठरवा.

मागणी चालू असेल तर वेळ न घालवता लाचलुचपत प्रतिबंधक विभाग गाठा. टोल फ्री क्रमांक १०६४. तक्रारीनंतर थेट सापळा लागत नाही, आधी पडताळणी होते. पंचाला सोबत घेऊन तुम्ही परत बोलायला जाता आणि मागणी रेकॉर्ड होते. मग नोटांचे नंबर टिपून त्यांना फिनॉल्फथॅलीनची पावडर लावतात. पैसे घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं.

'लाच देणाराही गुन्हेगार' या धास्तीने बरेच जण मागे सरतात. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८च्या दुरुस्तीने तसं झालं हे खरं, पण आधी कळवून सापळ्यासाठी पैसे देणाऱ्याला संरक्षण आहे. बळजबरीने द्यावेच लागले असतील, तर ७ दिवसांच्या आत तक्रार करा. ही मुदत चुकवू नका.

या विभागातले अधिकारी पोलिस दलातूनच येतात, हा आक्षेप रास्त आहे. शिवाय सापळ्यात बहुतेकदा पैसे घेणारा हात सापडतो. त्या ठाण्यात वाटा कुणाकुणाला जात होता, हे अनेकदा गुलदस्त्यातच राहतं.

राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाचं बळ तिथे आहे. पोलिस सुधारणांबाबतच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिलेल्या निकालानंतर, २०१४च्या कायदादुरुस्तीने ते आलं. अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती असतात. भ्रष्टाचाराबरोबरच कोठडीतला मृत्यू, बेकायदा अटक, खंडणी, जमीन-घर बळकावणं हेही त्याच्या कक्षेत येतं. मारहाण झाली, डांबून ठेवलं आणि सोडताना पैसे उकळले, अशा प्रकरणात मी इथेच जायला सांगेन. दलाला सचोटीची सवय लागायची तर बाहेरच्या माणसाने जाब विचारायलाच हवा. मात्र प्राधिकरणाचा अहवाल सरकारकडे जातो आणि कारणं नोंदवून सरकार तो फेटाळू शकतं. ही पळवाट कायद्यात ठेवायलाच नको होती.

कुठेही गेलात तरी तारीख, वेळ आणि ठाण्यातली नेमकी खोली लिहा, आणि सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी त्याच दिवशी करा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या आदेशानुसार ठाण्यातलं चित्रण १८ महिने, आणि तेवढी सोय नसेल तर किमान वर्षभर, राखायचं असतं.

नुसती फिर्यादच नोंदवून घेत नसतील, तर पहिला अर्ज पोलिस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती सांभाळा. तरीही हालचाल झाली नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.