कुडल न दाखवणारं ॲप: काही महिन्यांच्या वापरानंतर

डिसेंबर २०२४ मध्ये फोरस्क्वेअरचं सिटी गाइड बंद झालं. नंतर चेक-इनवरून, म्हणजे आपण कुठं आहोत याची लोक ॲपवर करतात त्या नोंदींवरून, ठिकाणं सुचवणारं दुसरं ॲप घेतलं, वर्षाचे पैसे भरून. आता रिन्यूअलचा मेसेज आलाय, म्हणून लिहितोय.

माझा सगळा राग आमच्या सोलापूरजवळच्या एका हत्तरसंग कुडलवरून आहे. भीमा-सीनेचा संगम, जुनी देवळं, शेकडो मुखं कोरलेलं शिवलिंग आणि शके ९४० चा मराठी शिलालेख. नाशिकहून मेहुणे आले, तेव्हा आवडीत 'इतिहास' आणि 'मंदिरं' भरलं. ॲपनं दाखवलं काय? सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला, अक्कलकोट, तुळजापूर आणि हायवेवरचे ढाबे. सिद्धेश्वर आणि भुईकोट तर स्टेशनवरचा रिक्षावालाही सांगतो, त्यासाठी पैसे कशाला मोजायचे?

सपोर्टचं उत्तर आलं, 'ठिकाण तुमच्यापासून लांब आहे.' माणसं बहुतेक घराजवळच चेक-इन करतात, म्हणून जवळच्या ठिकाणाला जास्त गुण मिळतात, हे मान्य. पण अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर, कुडलही साधारण तेवढंच. मग अक्कलकोट यादीत वर कसं? तिथं भाविकांच्या नोंदींचा ढीग आहे, कुडलच्या नोंदी नाहीत. नोंदी नाहीत म्हणून सुचवत नाही, सुचवत नाही म्हणून नवीन माणूस जात नाही, आणि नोंदी तशाच शून्यावर राहतात. अंतराचं कारण सांगून हे झाकता येणार नाही.

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचंही तसंच. जानेवारीत होम मैदानावर सगळं सोलापूर चेक-इन करतं. यात्रा उठून कित्येक आठवडे झाले तरी होम मैदान पहिल्या नंबरावर! पाहुणा उन्हात रिकामं मैदान बघायला जाणार का? जुन्या नोंदींचं वजन कमी करत जाणं अवघड नाही, केलं मात्र नाही.

तरी मधे मत थोडं बदललं. यंत्रमागावरच्या ओळखीच्या माणसांना मित्रयादीत घेतलं आणि सूचनाच पालटल्या. पूर्व भागातली, अशोक चौकाच्या अंगाची एक खानावळ वर आली. तिथली कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन मी गप्प झालो. जन्म सोलापुरात गेला, पण त्या बोळात कधी शिरलो नव्हतो. २०११ च्या एका अभ्यासात गोवाला, ब्राइटकाइट या चेक-इनच्या ॲप्सच्या आणि मोबाइलच्या नोंदी तपासल्या होत्या. माणसाच्या फिरण्यातला १० ते ३० टक्के भाग मैत्रीच्या नात्यांतून उलगडतो, असं त्यात निघालं. आकडा लहान वाटतो, पण नवी जागा सापडते ती त्यातूनच.

लोकेशन 'कायम' चालू ठेवा असा ॲपचा आग्रह आहे. ऐकू नका. 'वापरतानाच' ठेवलं तरी चेक-इन होतं, बॅटरीही टिकते.

पैसे पुन्हा भरणार नाही. मित्रांच्या नोंदी फुकटातही दिसतात. कुडलला गेलात तर चेक-इन नक्की करा, फोटो टाका आणि प्रकारात 'ऐतिहासिक स्थळ' निवडा. 'मंदिर' निवडलंत तर ते सिद्धेश्वराच्या खाली गडप होतं.