एसएसबीचा आवाज आपोआप जुळवणे: सतत, की बटण दाबल्यावर एकदाच?

चाळीस मीटरच्या (7 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या) बँडवर ऐकण्यासाठी ज्यांनी एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) आणि संगणक जोडून घेतला आहे, अशा आपल्या सातारा-सांगली भागातील हॅम (हौशी रेडिओ) मंडळींपुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. एसएसबीत, म्हणजे कॅरिअर (वाहक लहर) न पाठवता एकच साइडबँड पाठवण्याच्या पद्धतीत, रिसीव्हर थोडा सरकलेला असला की आवाज चढा किंवा उतरता ऐकू येतो. तो जुळवणारे स्वयंचलित ट्यूनिंग सतत चालू ठेवावे, की समोरचा बोलू लागल्यावर बटण दाबून एकदाच जुळवून घ्यावे? साताऱ्यात मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत. दोन्हींमागचे गणित एकच असल्याने अचूकतेच्या बाबतीत त्यांच्यात डावे-उजवे करण्यासारखे फारसे नाही. फरक आहे तो हस्तक्षेप केव्हा होतो यात.

कॅरिअर पाठवलेलाच नसल्यामुळे प्रोग्रामला खूण शोधावी लागते ती आवाजातच. एखाद्याच्या स्वराची मूळ वारंवारता 120 हर्ट्झ असेल, तर त्याचे हार्मोनिक्स (मूळ वारंवारतेच्या पटीतले घटक) 240, 360, 480 असे पडायला हवेत. आपण 40 हर्ट्झ सरकलेले असलो, तर ते 280, 400, 520 वर दिसतात. अंतर 120 चेच राहते, पण पट जुळत नाहीत, आणि चूक किती आहे ते या विसंगतीतूनच काढता येते. फिल्टरने 300 हर्ट्झखालचा भाग कापला तरी अडत नाही, कारण मूळ स्वर अंतरावरून समजतो. मात्र स, श, फ अशा ध्वनींत हार्मोनिक्स नसतात, त्यामुळे स्वर येईपर्यंत थांबावे लागते. शिवाय चूक बरोबर 120 हर्ट्झची असेल, तर सगळे पट जागच्या जागी असल्यासारखे दिसतात. हा पेच बोलणाऱ्याच्या चढ-उतारानेच सुटतो, कारण स्वर चढला की वरचे हार्मोनिक्स खालच्यांपेक्षा जास्त सरकतात. एका सुरात कॉल साइन (स्टेशनची ओळखखूण) वाचणारे गृहस्थ दोन्ही पद्धतींना सारखेच अवघड जातात.

सतत चालणाऱ्या पद्धतीची सोय नेटमध्ये, म्हणजे अनेक स्टेशने एका वारंवारतेवर जमून पाळीपाळीने बोलतात तेव्हा, जाणवते. प्रत्येक स्टेशन थोडे इकडे-तिकडे असते आणि नेट कंट्रोलचा (नेट चालवणाऱ्याचा) हात लॉग लिहिण्यात गुंतलेला असतो; अशा वेळी क्लॅरिफायरकडे (बारीक जुळवणीच्या बटणाकडे) पाहावेच लागत नाही, हे सुख लहान नाही. एल-सी व्हीएफओचा (कॉइल-कपॅसिटरवर वारंवारता ठरवणाऱ्या ऑसिलेटरचा) घरी बांधलेला संच तापताना हळूहळू सरकत असेल, तर ही पद्धत त्याच्यामागे निमूटपणे चालत राहते. आजच्या टीसीएक्सओ (तापमानाची भरपाई करणारा क्रिस्टल ऑसिलेटर) असलेल्या संचात मात्र 0.5 पीपीएमची (दशलक्षात अर्ध्या भागाची) चूक 7.1 मेगाहर्ट्झवर जेमतेम साडेतीन हर्ट्झ भरते. तेथे पाठलाग करण्याजोगे काही उरत नाही.

माझा कल ठरला तो एका त्रासामुळे. समोरचा क्षणभर थांबला, दोघे एकदम बोलले किंवा वळवाच्या दिवसांत विजेचा कडकडाट मध्ये घुसला, की सततची पद्धत आपला अंदाज बदलते आणि पुढचे वाक्य किंचित चढ्या किंवा उतरत्या सुरात सुरू होते. काही शब्दांनंतर ती पुन्हा जागेवर येते, पण तोवर ओळखीचा माणूस अनोळखी वाटून गेलेला असतो. वीस-तीस हर्ट्झची स्थिर चूक कानाला थोड्या वेळात अंगवळणी पडते. त्याहून लहान असली तरी सतत हलणारी चूक, निदान माझ्या कानाला, कधीच पडली नाही. कुणीतरी थोड्या थोड्या वेळाने टोकत राहावे तसे ते होते, आणि तासाभराच्या नेटनंतर डोके जड होते. इतरांना हे इतके खुपेलच असे नाही. ज्यांचे ऐकणे कॉल साइन आणि सिग्नल रिपोर्टपुरते असते, त्यांना कदाचित जाणवणारही नाही.

यात आपल्याकडच्या विजेची भर पडते. 50 हर्ट्झच्या पुरवठ्यावर चालणाऱ्या स्वस्त एलईडी दिव्यांचा आणि चार्जरचा गोंगाट 100 हर्ट्झच्या तालावर येतो, आणि त्याचे समान अंतरावरचे पट्टे प्रोग्रामला पुरुषी आवाजासारखे वाटू शकतात. बँड शांत असताना सततची पद्धत अशा गोंगाटाला जाऊन चिकटते. किमान सिग्नलची मर्यादा वर नेली की हे कमी होते, पण मग क्षीण स्टेशनांच्या वेळी ती जागीच होत नाही.

बटणाच्या पद्धतीत ओव्हरची (बोलण्याच्या एका पाळीची) सुरुवात, म्हणजे नेमकी कॉल साइन, न जुळलेल्या अवस्थेत ऐकावी लागते आणि प्रत्येक नव्या स्टेशनला हात लावावा लागतो, हे खरे. पण दोन-तीन सेकंदांचे स्पष्ट बोलणे मिळाले की दुरुस्ती बसते आणि माणूस बोलत आहे तोवर बसलेलीच राहते. गप्पा मारायला बसणाऱ्याने, माझ्या मते, हीच पद्धत आधी वापरून पाहावी. नेट चालवणाऱ्याने सततची ठेवायची झाल्यास दुरुस्तीची कमाल मर्यादा 50 हर्ट्झच्या आसपास बांधून घ्यावी आणि तिचा वेग, प्रोग्राममध्ये तशी सोय असेल तर, सर्वांत संथ ठेवावा. त्याने सूर हलणे पूर्ण थांबत नाही, पण ऐकण्याजोगे होते.