ओलान्झापिन : नऊ महिन्यांनंतर

ओलान्झापिन, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येण्यासारख्या मनोविकारांवरची गोळी, सुरू केली तेव्हा वजन ६८ किलो होतं. आज ७७ आहे, मधे ८१ ला जाऊन आलंय. या गोळीबद्दल कुणी विचारलं की आधी हाच आकडा सांगतो. लगोलग दुसरंही सांगतो, की गेल्या सात महिन्यांत भिंतीपलीकडून कुणी माझं नाव घेऊन हाक मारलेली नाही. दोन्ही एकदम ऐकायची तयारी असेल तर पुढे वाचा.

पहिल्या तीन रात्रींतच झोप आली. त्याआधी पंधरा दिवस धड डोळा लागला नव्हता. आवाज मात्र इतक्या लवकर गेले नाहीत. आधी लांबून येऊ लागले, मग शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखे अस्पष्ट झाले. सहा-सात आठवड्यांनी एका दुपारी ध्यानात आलं की सकाळपासून काहीच ऐकू आलेलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की औषध मेंदूतल्या डोपामिन आणि सेरोटोनिन या रसायनांचे काही मार्ग अडवतं. शिवाय ते हिस्टामिन नावाचं रसायनही अडवतं, म्हणून झोप येते.

आणि भूकही.

ही नेहमीची भूक नव्हे. पोट तट्ट भरलेलं असतं, पण आतून ‘पुरे’ म्हणणारा कुणीतरी रजेवर गेलेला असतो. एकदा रात्री दीड वाजता मी स्वयंपाकघरात खाली बसून डब्याचा तळ चमच्याने खरवडत होतो. ताईने दिवा लावला. “अरे, आत्ताच तर जेवलास ना?” मला उत्तर देता आलं नाही, चमचाही खाली ठेवता आला नाही. बरेच दिवस मला वाटत होतं की आपला जिभेवर ताबा नाही. जे कुणी ही गोळी सुरू करणार आहेत त्यांनी एवढं लक्षात ठेवा : ही भूक औषधाची आहे, तुमच्या स्वभावाची नाही. पहिल्या महिन्यातच डॉक्टरांना सांगा. मी चौथ्या महिन्यात सांगितलं, तोवर दहाबारा किलो चढले होते.

माझी एक तक्रार आहे. ज्या डॉक्टरांनी औषध सुरू केलं त्यांनी आधी रक्त तपासलंच नाही. वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि चरबी हे सगळं सुरुवातीला, मग तीन महिन्यांनी आणि पुढे निदान वर्षातून एकदा बघायचं असतं. माझी पहिली तपासणी चौथ्या महिन्यात झाली आणि साखर ११२ आली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आधी किती होती? कागदच नाही. आताच्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिन हे साखरेचं औषध जोडलं. त्याने आणि चालण्याने मिळून चारेक किलो उतरले.

सकाळच्या गुंगीवर उपाय साधा निघाला. गोळीचा जोर घेतल्यापासून साधारण सहा तासांनी सर्वांत जास्त असतो, म्हणून डॉक्टरांनी अकराची वेळ साडेआठवर आणली. आता सात वाजता माणसात असतो. अंथरुणातून झटकन उठू नका. दुसऱ्या आठवड्यात मी न्हाणीघराच्या दारात कोसळलो होतो.

सगळ्यात चकवलं ते सिगारेटने. रोज दहा-बारा ओढायचो, सातव्या महिन्यात बंद केल्या. आठवडाभरात डोकं जड, पाय शिशाचे, दिवसा खुर्चीत झोप. डोस तोच, १५ मिलिग्रॅम. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, “सिगारेट सोडलीत का?” धुरामुळे यकृतातलं एक एन्झाइम जोरात चालतं आणि औषध लवकर संपवतं. धूर थांबला की तेच १५ मिलिग्रॅम अंगात जास्त साठतं. हे काम निकोटिनचं नाही, धुराचं. त्यामुळे निकोटिनचं च्युइंगम चघळत असाल तरी हे घडतंच. डोस १० वर आला. सिगारेट सोडताना किंवा पुन्हा धरताना आधी डॉक्टरांना कळवा. सोडल्याबद्दल शाबासकी मिळेल असं वाटलं होतं, तीही मिळाली म्हणा.

आनंदही जरा बोथट झालाय. हसतो, पण उशिरा.

दर भेटीत डॉक्टर जीभ बाहेर काढायला लावतात, हात पुढे धरायला सांगतात. ओठ-जिभेच्या आपोआप होणाऱ्या हालचाली सुरू झाल्या तर लवकर दिसाव्यात म्हणून. प्रचंड ताप, लाकडासारखं ताठ अंग आणि बरळणं असं एकत्र आलं, तर थेट इस्पितळ गाठायचं. तापासोबत अंगभर पुरळ आलं तरीही थांबायचं नाही.

एका ओळखीच्याने विचारलं, स्मृतिभ्रंश झालेली आजी रात्रभर फिरते, तुझ्यातली अर्धी गोळी देऊ का? सरळ नाही म्हणालो. अशा वृद्धांमध्ये या गटातल्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. साधारण दहा आठवड्यांच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे ४.५ टक्के दगावले, नुसती नकली गोळी घेणाऱ्यांपैकी २.६ टक्के. ही झोपेची गोळी नाही.

बंद करायचा विचार माझ्याही मनात येतो. अचानक सोडली तर झोप उडते, मळमळतं, आणि आजार परत यायची भीती वेगळीच. डॉक्टर म्हणाल्या, निदान वर्ष पुरं होऊ दे, मग हळूहळू कमी करायचं की नाही ते बघू. पुढची रक्ततपासणी बाराव्या महिन्यात. ताईने फ्रिजच्या दारावर वजनाचा कागद लावलाय. या रविवारी ७७.२.